आमची वाटचाल : दशमांश नफ्यावर नाही, वसुलीवर

पुस्तकं विकायची, नफा झाला की सेवाकार्याला द्यायचा. ख्रिस्ती प्रकाशनाबद्दल लोकांची कल्पना साधारण एवढीच असते. पण प्रकाशनातला नफा बऱ्याचदा गोदामात रचून ठेवलेला असतो. ३१ मार्चला न विकलेल्या प्रती शिल्लक माल म्हणून हिशेबात येतात, कागदोपत्री नफा दिसतो आणि बँकेत खडखडाट असतो. त्या नफ्याच्या भरवशावर देणगीचा चेक फाडला, तर छापखान्याचं बिल थकतं. सुरुवातीला नागपूरच्या आमच्या प्रकाशनाचीही देणगी वर्षअखेरच्या नफ्यावर ठरायची. आता विक्रीचा जो रुपया प्रत्यक्ष खात्यात जमा होतो, त्यातले दहा पैसे, म्हणजे दशमांश, त्याच आठवड्यात सेवानिधीच्या (मुख्यतः रुग्णांच्या मदतीच्या) वेगळ्या खात्यात जातात. हा एक नियम धरला आणि किंमत, प्रतींची संख्या, सवलत हे सगळं त्याच्या मागून ठरत गेलं.

आम्ही छापतो ती स्तुतिगीतांची पुस्तकं, रोजच्या मननाची पुस्तकं, रविवार शाळेचे पाठ आणि छोटी चरित्रं. पवित्र शास्त्र आम्ही छापत नाही. ते बायबल सोसायटीचं काम. मराठी ख्रिस्ती छपाईचं जुनं घर मुंबई-अहमदनगरकडचं. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली निघालं तेही तिकडेच. नागपुरात ख्रिस्ती समाज जुना आहे, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनासुद्धा २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथेच झाली. तरी सदर, सीताबर्डी या शहरातल्या भागांच्या खपावर एक आवृत्ती संपत नाही. चंद्रपूर, अमरावती, यवतमाळकडच्या मंडळ्यांपर्यंत, म्हणजे तिथल्या चर्चच्या भाविकांपर्यंत, पोचावंच लागतं, आणि पोचायला पैसे पडतात.

आता आकडे. डेमी आकाराचं १६० पानांचं पुस्तक म्हणजे १६ पानांचे १० फर्मे (एकत्र छापून दुमडायचे भाग). २३ × ३६ इंचांच्या एका तावात ३२ पानं बसतात, म्हणजे एका प्रतीला ५ ताव. हजार प्रतींना ५,००० ताव, १० रीम. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो कागदाची रीम साधारण १८.७ किलो भरते. मशीनवर रंग आणि रजिस्टर (छपाईची नेमकी जागा) जुळेपर्यंत फर्म्यामागे पन्नासेक अर्धे ताव वाया जातात. त्यांची मिळून आणखी अर्धी रीम. असा जवळजवळ १९६ किलो कागद धरायचा. पुस्तकावर जीएसटी नाही हे खरं, पण म्हणूनच कागदावर आणि छपाईवर भरलेल्या कराचा परतावाही मिळत नाही. तो खर्चातच जातो. कॅलेंडर पुस्तकात मोडत नाही, त्याच्यावर कर लागतो. नाताळला दोन्ही एकाच बिलात मागणारे असतात, तेव्हा बिलात ओळी वेगळ्या लिहाव्या लागतात.

उदाहरणादाखल किंमत १५० रुपये आणि प्रतीचा निर्मितीखर्च ४६ रुपये धरा. दुकानदाराला ३५ टक्के सूट दिली की हातात येतात ९७.५०. लेखकाचं मानधन छापील किमतीच्या १० टक्के, म्हणजे १५. बांधाबांध आणि वाहतूक ८. उरले २८.५०. त्यातून वसुलीचा दशमांश ९.७५ गेला की १८.७५ उरतात, आणि मुद्रितशोधन, भाडं, पगार, भेटप्रती हे सगळं त्यातच. भेटप्रतींत कायद्याने द्यायच्या प्रतीही आल्या: कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने एकेक.

आता कोणी म्हणालं, “मंडळीसाठी घेतोय, निम्म्या किमतीत द्या,” तर ७५ रुपये येतात, खर्च जाऊन ६ उरतात आणि दशमांश ७.५० होतो. म्हणजे पदरचे दीड रुपये. म्हणून सूट ४० टक्क्यांवर थांबते, समोर कोणीही असो. पाळकसाहेबांना नाही म्हणणं जड जातं, पण हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की बहुतेकांना पटतो. फुकट वाटायच्या पत्रिकांचा हिशेब निराळा: त्या निर्मितीखर्चात देतो आणि त्यांवर दशमांश काढत नाही.

छापखान्यात मोह होतो तो तीन हजार प्रतींचा. प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च तेवढाच राहतो, प्रत स्वस्त पडते. पण गोदामातली प्रत कोणाचं औषध आणत नाही. नवं पुस्तक हजारच. जुन्याची मागणी आली तर डिजिटल छपाईवर शंभर, प्रत महाग पडली तरी चालेल. अपवाद स्तुतिगीतांचा, ती वर्षानुवर्षं खपतात. त्यांची बांधणी मात्र फर्मे शिवूनच करतो. नुसती गोंदाने चिकटवलेली पाठ दर रविवारी सपाट उघडून धरली की तडकते आणि मधली पानं सुटतात.

खरी कसोटी मंडळ्यांच्या स्टॉलवर लागते. माल ‘विक्री किंवा परत’ बोलीवर जातो, मालाचं चलन तीन प्रतींत: एक त्यांच्याकडे, एक खोक्यात, एक आमच्याकडे. नाताळचा माल नोव्हेंबरमध्ये पोचायला हवा. रोजच्या मननाचं नव्या वर्षाचं पुस्तक जानेवारी निम्मा झाला की कोणी हातात धरत नाही. हिशेब फेब्रुवारीत येतो आणि परत आलेल्या प्रतींत काहींच्या पहिल्या पानावर कोणाचं तरी नाव लिहिलेलं असतं. ती प्रत विकलीच गेली, असं आम्ही चलनावरच छापून ठेवलं आहे.

स्टॉलवर क्यूआर कोड दोन असतात. कोणी १५० च्या पुस्तकाला २०० देऊन म्हणतं, “राहू द्या, सेवेला घाला.” ते ५० रुपये आमचे नाहीत. प्रकाशन ही व्यापारी फर्म आहे. नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे, तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. म्हणून दुसरा कोड, आमचा सेवानिधी ज्या नोंदणीकृत न्यासाला जातो, थेट त्या न्यासाचा, त्याची पावतीही न्यासाचीच. परदेशातून पुस्तकाची ऑर्डर आली तर ती विक्री. त्यावर वरकड देणगी पाठवायला निघालेल्या माणसाला मात्र थांबवावं लागतं, कारण ती परकीय योगदानाच्या कायद्यात जाते. आम्ही न्यासाला देतो ते चेकने. आयकर कायद्याखाली २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, आणि सवलत मिळते तीही साधारण निम्म्या रकमेवर, उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. कर वाचवायला हा उद्योग करणाऱ्याच्या हाती फार काही लागायचं नाही.

निधीचा मोठा भाग सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी जातो. हा आजार विदर्भात, त्यातही गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात, बराच आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचं औषध सुरू असलेल्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावंच लागतं. औषधापेक्षा अडतं ते येण्याजाण्याच्या भाड्यावर आणि सोबतच्या माणसाच्या जेवणावर. न्यास रोख हातात देत नाही. तिकीट आणि बिल पाहून पैसे देतो, औषध दुकानाचे पैसे दुकानालाच. त्यात आमची विक्री हिवाळ्यात आणि गरज बारमाही: अंगातलं पाणी कमी झालं की या रुग्णांचं दुखणं उसळतं, आणि नागपूरचा मे महिना सांगायला नको. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत गोळा झालेला निधी एकदम देत नाही, बारा सारख्या हप्त्यांत देतो.

सुट्या प्रतींसाठी १ मे २०२५ पासून सुरू झालेली टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सोयीची पडते. १६० पानी पुस्तक आवरणासकट २०० ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे ३०० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात २० रुपये अधिक कर. ५ किलोपर्यंत १०० रुपये. जमिनीवरून जातं, वेळ लागतो. जाहिरातीचा मजकूर चालत नाही, तेव्हा नव्या पुस्तकांचं पत्रक पाकिटात घालत नाही.

गोदाम पत्र्याखाली नको. उन्हाळ्यात पाठीचा गोंद मऊ होऊन गठ्ठ्यातल्या प्रती वाकड्या बसतात, पावसाळ्यात खालच्या थराला ओल आणि वाळवी. फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, दहाच्या वर थर नाही. तीन वर्षांत न हललेली पुस्तकं वाचनालयांना आणि वसतिगृहांना देतो. फाटकी, डागाळलेली लगदा करायला जातात, तीही कापून. अख्खी रद्दीत घातली आणि तर्री-पोह्याच्या गाडीवर शास्त्रवचनाचं पान तेलकट होऊन दिसलं, तर वाचकाला लागतं. कापणावळीचा खर्च रद्दीच्या भावातून वजा होतो, आणि जे उरतं तेही वसुलीतच धरतो.