चार हजार एकशे सत्त्याण्णव

२६ मे, रात्री

पुस्तक सापडलं.

खालच्या फळीवर, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली, आडवं. वाचनालयाची मोजदाद चालू, शिपाई नंबर वाचत होता, मी दाखल रजिस्टरात खुणा करत होते. "एक्केचाळीस सत्त्याण्णव," म्हणाला आणि पुढच्या पुस्तकाला हात घातला. माझी पेन्सिल तिथेच अडली. त्याला काही कळलं नाही. कळलं असलं तरी तो दाखवायचा नाही.

पक्ष्यांचं, ताटाएवढं पुस्तक. बालविभागाच्या कपाटात उभं राहत नाही, म्हणून कुणीतरी तिथे सरकवलं असणार. कुणीतरी म्हणजे तो नाहीतर मी. तिसरं आहे कोण?

म्हणजे सुट्टीला आलेला तो पोरगा खरं बोलत होता.

"मी दिलं होतं," एवढंच म्हणाला होता. एकदाच. मी कपाट तीनदा बघितलं, रजिस्टर त्याच्यापुढे धरलं, "मग इथे जमा का नाही?" असं सगळ्यांच्या देखत विचारलं. तो रजिस्टरकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी आजी आली. पुस्तकाची किंमत १४० रुपये. सुट्टीच्या सभासदाची अनामत १००, ती वळती करून घेतली आणि वरच्या ४० ची पावती फाडली. आजी म्हणाली, "असांदे गो. पोरां विसारतत." तेव्हा मला बरंच वाटलं होतं, समजूतदार आहे म्हणून. आता ते "विसारतत" कानातून जात नाही. आमच्यामुळे आजीनेसुद्धा त्याला विसराळू ठरवलं.

संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी देवघेव रजिस्टर उघडलं. ९ मेच्या पानावर सापडलं, माझ्याच अक्षरात. जमा केलंय, पण ४९९७. माझा एक आणि माझा नऊ शाळेपासून एकमेकांसारखे दिसतात. बाई पट्टी मारायच्या त्यासाठी. त्या दिवशी मी पुस्तकामागचा नंबर कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवून घेतला असणार आणि रात्री चिटोऱ्यावरून रजिस्टरात. स्वतःचंच अक्षर मला वाचता आलं नाही.

ते दिवस आठवले की अजून डोकं भणभणतं. चाकरमानी गावात उतरले होते. एका आठवड्यात सुट्टीचे त्रेसष्ट सभासद. चार ते पाच मोठ्याने वाचन, त्यानंतर नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालणं आणि तारीखपट्ट्या चिकटवणं. नवी पुस्तकं एवढी का, तर अनुदानाचा हप्ता मार्च सरता सरता आला आणि खरेदी चार दिवसांत उरकावी लागली. त्या दिवशी लाईट गेलेली. कुणीतरी खळीचं भांडं टेबलावर उलटं केलं. दोन मुली एकाच पुस्तकासाठी रडत होत्या. त्यातच पुस्तक परत आलं असेल. मी "ठेव तिथे" म्हटलं असेन. माझा आवाज मला ठाऊक आहे.

एकोणीस वर्षं झाली या खुर्चीत. पगार काय ते लिहायला नको, वाचणारे हसतील. मार्चअखेर झाली की जिल्ह्याला वार्षिक अहवाल, मग मोजदाद, मग पावसाआधी कौलं. आणि हे सगळं करून शेवटी एका नऊ वर्षांच्या मुलाला चोर ठरवायचं. चोर हा शब्द मी वापरला नव्हता. वापरला नव्हता हे मी आज दिवसभरात किती वेळा स्वतःला सांगितलं असेल!

ह्यांनी जेवताना विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं. त्यांनीही पुढे विचारलं नाही, पण तो विषय वेगळा.

मला छळतंय ते १४० रुपयांचं नाही. तो एकदाच का म्हणाला? मी असते तर दहादा म्हटलं असतं, रडले असते, आईला आणलं असतं. आणि नंतरही रोज येत राहिला. मोजदादीमुळे देवघेव बंद, बसून वाचन चालू, तर खिडकीखाली बसून वाचायचा. कव्हरं घालायला सगळ्यात आधी हात पुढे. मी त्याला डिंक द्यायचे, त्याच्या डोळ्यांकडे न बघता.

कोर्सला असताना ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचे पाच सिद्धांत तोंडपाठ केले होते, १९३१ चे. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. पेपरात पैकीच्या पैकी मिळाले होते. नऊ नीट काढा, असा सहावा हवा होता.

झोप येत नाही. उद्या त्याला काय सांगायचं? "सापडलं" म्हणू की "चूक झाली" म्हणू? सापडलं म्हटलं की पुस्तकाची चूक होते.

२७ मे

सकाळी आधी सेक्रेटरींना फोन. ते म्हणाले, पावती फाडली की फाडली, ऑडिटला काय दाखवणार? पुढच्या सभेत ठराव घेऊ. पुढची सभा गणपतीनंतर. पोरगा शनिवारी तुतारी एक्सप्रेसने परत चाललाय.

दुसरा फोन वरच्या आळीतल्या वहिनींना. ४९९७ म्हणजे लोणच्यांचं पुस्तक, रजिस्टरप्रमाणे ते ९ तारखेपासून आमच्याकडे. "अगो, माझ्याचकडे आहे," वहिनी म्हणाल्या, "बरणी भरली की देते. मिठाचा अंदाज चुकतोय." म्हणजे एकाला दंड आणि दुसरीला बिनतारखेचं लोणचं. मला हसू आलं, एकटीलाच, रिकाम्या वाचनालयात. कालपासून पहिल्यांदा.

तो दहाला आला. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "चूक माझी होती. तू दिलं होतंस."

"हो," म्हणाला.

पुढे काही येईल म्हणून मी थांबले. तो पुस्तक उघडून धनेशाचं पान शोधायला लागला. मग सहज म्हणाला, "मी परवा वाचलं की परत. तिकडे खाली होतं."

परवा! शिपाई आणि मी कादंबऱ्यांच्या कपाटाशी घसा फोडत होतो, तेव्हा हा दहा पावलांवर बसून तेच पुस्तक वाचत होता. वाचून परत जिथल्या तिथे, दिवाळी अंकांखाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मोजत होता ना, काकी. मध्ये बोललं की चुकतं, तुम्हीच म्हणालात."

म्हणाले होते खरं. पहिल्याच दिवशी, सगळ्या मुलांना, बऱ्याच वरच्या पट्टीत.

दुपारी माझ्या पाकिटातले १४० घेऊन आजीकडे गेले. ठरावाचं गणपतीनंतर बघू. आजी खळ्यात आमसुलं वाळत घालत होती. नोटा बघून म्हणाली, "आता कित्याक? पुढच्या मे म्हयन्याची वर्गणी धर." मी म्हटलं, आजी, सुट्टीची वर्गणी तीसच आहे. "मगे चार वर्सांची धर." चार वर्षांची आगाऊ वर्गणी कुठल्या रकान्यात लिहायची? सेक्रेटरींना विचारायची हिंमत नाही. पैसे शेवटी तिच्या सुपाखाली ठेवून आले. वाटेत वाटलं, वाऱ्याने उडाले तर?

नातवाला मी सांगितलं ते तिला सांगायचं राहूनच गेलं. की पोर विसरलं नव्हतं. आमसुलांचं बोलत बसलो आणि निघाले. शनिवारच्या आत परत जायला हवं.

संध्याकाळी तो पुस्तक घेऊन टेबलाशी उभा. शनिवारपर्यंत नेऊ का? देवघेव बंद, पाटी मीच लावलीय. शिपायाने माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर उघडलं, नंबर घातला, ४१९७, आणि बाजूच्या समासात अक्षरी लिहिलं, चार हजार एकशे सत्त्याण्णव.

"चेक लिहिताय काय?" शिपाई म्हणाला.