तौलिया आधी की टॉवेल?

तौलिया आधी की टॉवेल, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी सोलापूरचा, त्यात शब्दांची मुळं शोधायचा नाद. तेव्हा टेरी टॉवेलचा विषय निघाला की पुढचा प्रश्न ठरलेलाच: ‘तौलिया हा टॉवेलचाच अपभ्रंश ना?’

नाही. ती चुलत भावंडं आहेत. तौलिया आला पोर्तुगीज ‘तुआल्या’वरून, बटाटा, चावी, पगार आले त्याच वाटेनं. टॉवेल आला इंग्रजांबरोबर. आमच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात तेलुगू कानावर पडते, आणि तेलुगूतला ‘तुव्वालु’ही पोर्तुगीजांकडचाच. माल बांधून बिल करताना मात्र तोच नग ‘टॉवेल’ होतो. एकाच गल्लीत दोन्ही वाटांचे शब्द सुखानं नांदतात, याचा मला फार आनंद वाटतो.

दोन्ही वाटा मागं जाऊन एकाच जागी मिळतात. इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकात दिसतो, जुन्या फ्रेंच ‘तोआल्य’वरून घेतलेला. फ्रेंचांकडे तो फ्रँक या जुन्या टोळीच्या जर्मानिक बोलीतून, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या बोलीतून आला, आणि तिथं मूळ क्रियापद होतं ‘धुणे’ या अर्थाचं. फ्रँकांचं ते रूप अभ्यासकांनी अंदाजानं बांधलंय, पण त्याचा सख्खा भाऊ लेखी सापडतो. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपनं गॉथिक या दुसऱ्या जर्मानिक भाषेत केलेल्या बायबलच्या भाषांतरात, मार्कच्या शुभवर्तमानात, ‘थ्वहन्द हन्दुन्स’ असे शब्द आहेत: ‘हात धुतात’. त्यातला हँड तर लगेच ओळखू येतो! जुन्या इंग्रजीतही हे क्रियापद होतं, पुढं ते लोपलं. आइसलँडमध्ये धुण्याला आजही ‘थ्वो’च म्हणतात. इटालियन ‘तोवाल्या’ मात्र अंग सोडून जेवणाच्या टेबलावर जाऊन बसला. त्याचा अर्थ टेबलक्लॉथ.

इथवर आलं की कुणीतरी म्हणतंच, ‘मग हा आपला ‘धुणे’ अर्थाचा संस्कृत धातू धाव्च, धुणं तिथूनच आलं!’ मोह मलाही होतो, पण ध्वनींचा हिशेब जुळत नाही. संस्कृतातल्या ‘त’च्या जागी इंग्रजीत ‘थ’ येतो: त्रि आणि थ्री, तनु आणि थिन. ‘ध’च्या जागी ‘ड’ येतो: विधवा आणि विडो. म्हणजे ‘थ्व’नं सुरू होणाऱ्या शब्दाचं नातं शोधायचं तर संस्कृतात ‘त’नं सुरू होणारा धातू हवा. धाव् तिथंच बाद होतो.