तुम्ही विचारलंत म्हणून: इंजेक्शनने तिरळा डोळा सरळ होतो का?

‘गुरुजी, ऑपरेशन न करता तुमचा डोळा सरळ झाला म्हणं, ते इंजेक्शन आमच्या पोरीला चालंल का?’ सेलूच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही मला हा प्रश्न विचारला गेला आहे. उभ्या उभ्या दिलेले उत्तर अर्धवट राहते, आणि त्या अर्धवट उत्तरावर विसंबून कोणी लेकरू घेऊन संभाजीनगर गाठले तर ते पाप माझ्या माथी येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो आणि मधुमेह १२ वर्षांचा जुना होता. एका सकाळी हजेरी घेताना शेवटच्या बाकावरची मुले दुप्पट दिसू लागली, हातातल्या हजेरीपटावरची ओळ मात्र एकच. (पटसंख्या वाढवण्याचा हा उपाय शिक्षण खात्याला अजून सुचलेला नाही.) डावा डोळा नाकाकडे ओढला गेला होता आणि बाहेरच्या बाजूला वळतच नव्हता. दोनाचे एक दिसावे म्हणून मी तोंड डावीकडे फिरवून बसू लागलो, तेव्हा घरच्यांना वाटले की मान आखडली आहे. डॉक्टरांनी एमआरआय काढून घेतला आणि सांगितले की डोळा बाहेर वळवणाऱ्या स्नायूला चालवणारी सहावी नस साखरेमुळे लुळी पडली आहे. दोन महिने वाट पाहूनही फरक पडेना, तेव्हा इंजेक्शनचा विषय निघाला.

ऐकणाऱ्याला नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. लुळा पडला होता बाहेरचा स्नायू, पण सुई टोचली ती आतल्या धडधाकट स्नायूला. हे औषध म्हणजे बोटुलिनम नावाच्या जिवाणू-विषाची अत्यंत सूक्ष्म मात्रा असते. नसेकडून स्नायूला येणारा निरोप ते अडवते आणि स्नायू सैल पडतो. रस्सीखेचीत एका बाजूचे गडी दमले असतील तर दुसऱ्या बाजूचा जोर तात्पुरता कमी करायचा, असा हा हिशेब आहे.

डोळ्यात बधिर करणारे थेंब घातले, कपाळावर तारा चिकटवल्या आणि त्या एका यंत्राला जोडल्या. सुई स्नायूत शिरल्यावर डॉक्टरांनी नाकाकडे पाहायला सांगितले, तेव्हा परभणी केंद्र लावताना रेडिओ खरखरतो तशी यंत्राची खरखर वाढली. सुई योग्य जागी असल्याची ती खूण होती. सगळे काही मिनिटांत आटोपले. तिसऱ्या दिवसापासून डोळा सरकू लागला, पण वरची पापणीही खाली आली आणि काही आठवडे तशीच राहिली. हा नेहमीचा दुष्परिणाम असून तो आपोआप ओसरतो, हे मला आधी सांगितलेले होते, तरी आरशात पाहून पोटात गोळा आलाच.

औषधाचा असर साधारण दोन ते तीन महिने टिकतो. मग डोळा पुन्हा का फिरत नाही? कधी कधी फिरतोही, आणि सुई पुन्हा घ्यावी लागते. परंतु एक स्नायू ढिला असताना समोरचा थोडा आखूड होऊन बसतो, किंवा लुळी नस तोवर जागी होते, आणि औषध उतरल्यावरही ती कमाई शिल्लक राहते. माझा डोळा आज सरळ आहे. मात्र साखरेने गेलेली ही नस पुष्कळदा तीनेक महिन्यांत आपणहूनच सुधारते, त्यामुळे श्रेय सुईचे की काळाचे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

हा उपाय काही नवा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ॲलन स्कॉट यांनी माकडांवरील प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध केले, आणि डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत १२ वर्षे व त्यावरील रुग्णांच्या तिरळेपणासाठी या औषधाला मान्यता मिळाली. तेच पुढे बोटॉक्स झाले. सुरकुत्यांसाठी त्याला मान्यता मिळाली २००२ साली. तेव्हा हे ‘नट्यांचे इंजेक्शन’ मुळात डोळ्यांचेच आहे.

आता तुमच्या लेकरांविषयी. तिरळेपणा फार असेल, किंवा डोळा बाहेरच्या बाजूला जात असेल, तर बहुधा ऑपरेशनच अधिक भरवशाचे ठरते. तान्ह्या बाळांच्या आत वळलेल्या डोळ्यांना काही ठिकाणी हे इंजेक्शन देतात, पण लहान मूल स्थिर राहत नाही म्हणून त्यालाही थोडा वेळ भूल द्यावी लागते. ‘मुलीच्या तोंडावर व्रण नको’ म्हणून इंजेक्शन मागणाऱ्या बापांना सांगतो की ऑपरेशनमध्ये बुबुळाला हात लागत नाही. स्नायू मागे सरकवतात किंवा आखूड करतात, आणि टाके डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणात असतात. शिवाय आळशी पडलेल्या डोळ्याची नजर इंजेक्शनने वाढत नाही. त्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागते, आणि ती वेळेत लावावी लागते. ‘तिरळं लेकरू नशीबवान’ म्हणत त्याची शाळेतली वर्षे घालवणाऱ्या आज्यांवर माझा खरा राग आहे.

मांडवात जिच्यासाठी विचारणा झाली, ती पोरगी साडेचार वर्षांची निघाली. थेंब घालून तपासल्यावर तिला प्लसचा मोठा नंबर आढळला. आता मागून इलॅस्टिक लावलेला चष्मा घालून ती हिंडते. परवा माझ्यासमोर तिने तो काढून दाखवला, डोळा झटकन नाकाकडे गेला; पुन्हा घातला, थोड्या वेळाने सरळ आला. तिला ना सुई लागली, ना ऑपरेशन.