शस्त्र परवानाधारकांच्या संघटनेत जायचं की नाही : माझा अनुभव

सभासदत्वाच्या अर्जावर सहीच्या जागेवर एक ओळ छापलेली होती: ‘शस्त्र बाळगणं हा प्रत्येक भारतीयाचा मूलभूत हक्क आहे, असं मी मानतो.’ संघटना शस्त्र परवानाधारकांच्या हक्कांसाठी काम करणारी, सभासद बहुतेक ठाणे, कल्याण आणि पनवेलचे. सही करण्याआधी मी ती ओळ तपासली, मग संघटना तपासली. दोन्हींना मिळून सहा आठवडे लागले. ज्यांच्या हातात असा अर्ज पडेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी ती ओळ. ती चूक आहे. १८७८ च्या इंग्रजी शस्त्र कायद्याचा राग आपल्याकडे खोल होता, म्हणून काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला. पण संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांमध्ये घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा ती स्वीकारली गेली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट सांगितलं, की अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे तसा हा हक्क आपल्याकडे कोणाला नाही. आपल्याकडे आहे तो परवाना, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ खाली.

हा शब्दांचा खेळ नाही. सुनावणीला ‘माझा मूलभूत हक्क’ म्हणून उभा राहिलेला अर्जदार पहिल्याच प्रश्नाला अडकतो. कलमावर बोट ठेवणारा टिकतो. आणि कलमांमध्ये अर्जदाराच्या बाजूचं पुष्कळ काही आहे, फक्त ते सांगणारं कोणी भेटत नाही. माझ्या मते अशा संघटनेचं खरं काम तेच आहे.

कलम १३(३) वाचा. त्यात दोन भाग आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंची नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी बंदूक (२०१९ च्या दुरुस्तीआधी फक्त .२२ किंवा एअर रायफल): यांसाठी कायदा ‘परवाना देईल’ असं म्हणतो. बाकीच्यांसाठी, म्हणजे स्वसंरक्षणाच्या रिव्हॉल्वर-पिस्तुलासाठी, अर्जदाराकडे ‘चांगलं कारण’ आहे याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. बहुतेक अर्ज .३२ रिव्हॉल्वरचे असतात आणि कारणाच्या रकान्यात नुसतं ‘स्वसंरक्षण’ लिहिलेलं असतं. तिथेच अर्ज पडतो. धमकीची तक्रार दिली असेल तर तिची प्रत, रोकड वाहून नेण्याचा व्यवसाय असेल तर त्याची कागदपत्रं, शेत आडवाटेला असेल तर सातबारा, असं काहीतरी कारणाला जोडलेलं लागतं.

कलम १४(२) सांगतं की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. कलम १४(३) प्रमाणे नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि मागितली तर त्यांचा थोडक्यात गोषवारा द्यावा लागतो, सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच तो रोखता येतो. कलम १८ अपिलाचं. शस्त्र नियम २०१६ नुसार पोलीस अहवालाला तीस दिवस आणि अहवाल मिळाल्यावर निर्णयाला साठ दिवस. अहवाल वेळेत आला नाही तर त्याची वाट न पाहता आदेश काढण्याची मुभा कलम १३ मध्येच आहे. प्रत्यक्षात फाइल पडून राहते ती बहुधा या तीस दिवसांत, पोलीस ठाणं आणि परवाना शाखा यांच्यामध्ये. अर्जदाराकडे आवक क्रमांकाची पोच नसेल तर मुदत कधीपासून मोजायची हेच ठरत नाही.

दुसरी अडचण हद्दीची. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हे ठाणे पोलीस आयुक्तांकडे. वाशीपासून पनवेल-उरणपर्यंतचा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तांकडे. मुरबाड-शहापूर ग्रामीण हद्दीत, तिथे परवाना देणारे जिल्हाधिकारी. आयुक्तांच्या नकारावर अपील गृह विभागाकडे जातं, जिल्हाधिकाऱ्यांच्या नकारावर विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे बेलापूरच्या कोकण भवनात. चुकीच्या दारात अपील दाखल झालं की मुदतीचे दिवस तिथेच निघून जातात. मी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना हाच पहिला प्रश्न विचारला: शहापूरच्या शेतकऱ्याचं अपील कुठे? उत्तर बरोबर आलं, म्हणून पुढचं बोललो.

त्या शेतकऱ्याचं नाव मी मुद्दाम घेतलं. रानडुकरं एका रात्रीत शेताचा चुराडा करतात आणि ठासणीच्या बंदुकीचा परवाना ही तिथे रोजची गरज आहे. (परवाना पीक राखण्याचा असतो. रानडुक्कर मारायचं तर वन्यजीव कायद्याची वेगळी परवानगी लागते, हेही संघटनेनं सांगायला हवं.) अर्जासोबत शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं एस-१, घरात शस्त्र सुरक्षित ठेवण्याच्या सोयीचं एस-२ आणि शारीरिक-मानसिक आरोग्याचं एस-३, हे सगळं त्यालाही लागतं. शहरातल्या माणसाला हे जमतं, त्याला यासाठी खेपा घालाव्या लागतात. जी संघटना फक्त रिव्हॉल्वरवाल्यांचं पाहते तिच्यात मी गेलो नसतो. या संघटनेनं मुरबाडमध्ये अर्ज भरून देण्याची दोन शिबिरं घेतल्याची छायाचित्रं दाखवली. मी शिबिरातल्या अर्जांच्या पोच पावत्या मागितल्या. त्या मिळाल्या, नावं झाकून. हे मला पटलं.

संघटना कायदा बदलायला लावू शकते का, याचं एक चांगलं उदाहरण २०१९ चं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या दुरुस्ती विधेयकात एका परवानाधारकाकडे एकच शस्त्र, असा प्रस्ताव होता. निवेदनं गेली, खासदार बोलले, आणि संसदेत मंजूर होताना ती संख्या दोन झाली. आधी तीन होती. १४ डिसेंबर २०१९ पासून तिसरं शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणं बंधनकारक झालं आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, हेही त्याच दुरुस्तीत आलं. त्या वेळी आपण काय केलं हे प्रत्येक संघटना सांगते. मी निवेदनाची प्रत आणि पोच मागितली. निवेदन होतं, पोच नव्हती. हा मुद्दा मी त्यांच्या बाजूनं धरला नाही.

मग नोंदणी. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेली असते आणि तिला ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक असतो. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहा. तिथे दिसणारे विश्वस्त आणि लेटरहेडवरचे पदाधिकारी वेगळे निघाले तर फेरफार अहवाल, म्हणजे विश्वस्त बदलल्याची कळवणी, दाखल झालेला नाही किंवा अडकलेला आहे. अशा वेळी बँक खात्यावर सही कोणाची चालते हे विचारावंच लागतं. इथे दोन नावं जुळत नव्हती. कलम २२ खालच्या फेरफार अहवालाचा क्रमांक दाखवला तेव्हा शंका मिटली. हिशोबासाठी अनुसूची आठचा ताळेबंद आणि नऊचं उत्पन्न-खर्च पत्रक, मागच्या तीन वर्षांचं. मी ‘प्रवास व बैठका’ हा खर्च एकूण वर्गणीशी ताडून पाहिला.

हे मागायला संकोच वाटतो, पण मागावं. अमेरिकेतली नॅशनल रायफल असोसिएशन ही १८७१ ची, प्रचंड सभासदसंख्येची संघटना. तिचे अनेक वर्षांचे प्रमुख वेन लापिएर यांनी संघटनेचा पैसा स्वतःवर गैरमार्गानं खर्च केल्याचा निष्कर्ष न्यूयॉर्कमधल्या ज्युरीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. तो पैसा सभासदांच्या वर्गणी-देणग्यांचा होता.

नावावरून एक घोटाळा नेहमी होतो. आपली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ ची. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष होते. ती नेमबाजीची क्रीडा संघटना आहे, परवान्याच्या हक्कांची नाही. ज्याला नेम धरायचा आहे त्यानं हक्कांच्या संघटनेत पैसे घालू नयेत, क्लबमध्ये जावं. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलनं २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं. पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांची लक्ष्य शूटिंग क्लब आहे. .१७७ बोरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवानाही लागत नाही.

अर्जाचं दुसरं पान मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. परवान्याचा युआयएन (प्रत्येक परवानाधारकाला मिळणारा ओळख क्रमांक), हत्याराचा प्रकार, बोर, क्रमांक, घरचा पत्ता आणि ‘शस्त्र कुठे ठेवता’ हा रकाना. ही माहिती कोणाच्या तरी लॅपटॉपवर एक्सेलमध्ये जाते. ती फुटली तर कोणत्या घरात कोणतं हत्यार कुठल्या कपाटात आहे याची तयार यादी चोराच्या हाती पडते. संघटनेला यातलं काहीही लागत नाही. नाव, फोन आणि कोणत्या हद्दीतला परवाना, एवढं पुरतं. परवान्याची झेरॉक्सही देऊ नये. मूळ परवाना दुरून दाखवला तरी सभासदत्वाची पात्रता सिद्ध होते.

‘परवाना मिळवून देऊ’ किंवा ‘बाहेरच्या राज्यातून करून देऊ’ असं कोणी म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात २.७८ लाखांहून अधिक परवाने बेकायदा दिले गेल्याचा आरोप सीबीआयनं तपासला आहे. परवान्याच्या भानगडीत सापडलेल्या माणसाला पुढे कोणतीही संघटना सोडवू शकत नाही.

शेवटचा प्रश्न मी कार्यकारिणीला लेखी विचारला. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात गोळीबार झाला. तिथे हत्यार परवान्याचं होतं. सभासदाकडून असं काही घडलं तर संघटनेची भूमिका काय? आधी ‘चौकशी होईपर्यंत मत नाही’ असं उत्तर आलं. मी तेच पुन्हा विचारलं. दुसरं उत्तर असं होतं: गुन्हा दाखल होताच सभासदत्व स्थगित, आणि वर्षातून एकदा प्रत्येक सभासदाला सुरक्षित हाताळणीचा वर्ग सक्तीचा. घटनेत तसा बदल करण्याचा ठराव त्यांनी पुढच्या सभेत घेतला. त्याची इतिवृत्ताची प्रत माझ्याकडे आहे. माझा निर्णय खरं तर या प्रतीनं झाला.

निवडणुकीतलं हत्यार जमा करणं हा विषय त्यांनी आधीच नीट हाताळला होता. सरसकट सगळ्यांनी जमा करायचं नसतं, छाननी समिती प्रत्येक परवान्याचा विचार करते. नोटीस आली तर जमा पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या दोन्ही लिहून घ्यायची. काडतुसांची संख्या राहिली की परत घेताना वाद होतो. हे एका पानावर मराठीत छापून ते वाटतात.

मी आजीव नव्हे, एका वर्षाचं सभासदत्व घेतलं. वर्गणी चेकनं दिली. दुसऱ्या पानावरचे हत्याराचे रकाने रेघ मारून सोडले. सहीवरची ती ओळ खोडून तिथे लिहिलं: ‘शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे अर्जदाराला मिळणारी मुदत, लेखी कारण आणि अपील यांसाठी काम करण्यास मी तयार आहे.’ अर्ज तसाच स्वीकारला गेला.

त्यानंतर माझ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज लिहिण्याचं काम आलं. महाराष्ट्रात एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तीन कार्यालयांना वेगवेगळे अर्ज केले, प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. प्रश्न एकच ठेवला: मागील दोन वर्षांत तीस दिवसांनंतरही पोलीस अहवाल न आलेले नवीन परवान्याचे अर्ज किती, पोलीस ठाणेनिहाय.