तुम्ही विचारलंत म्हणून: पोटुशी असताना घेतलेल्या त्या गोळ्या

धुळ्यात नवजात बाळांच्या वॉर्डात मी सिस्टर होते. आता घरी असते, तरी अधूनमधून एक फोन येतोच. कापूस वेचून कंबर गेली, मेडिकलवाल्यानं कॅप्सूल दिली, मग तिच्याशिवाय उठवेना. सातव्या महिन्यात कुणीतरी भीती घालतं आणि दबक्या आवाजात प्रश्न येतो, "ताई, गोया खाध्या, पोऱ्याना डोकावर काही व्हई का?"

आधी मी गोळीचं नाव विचारते. साधी पॅरासिटामॉल असेल तर विषय संपला. ट्रामाडॉल किंवा कोडीनवालं खोकल्याचं औषध असेल तर मात्र बसून बोलावं लागतं. ही औषधं अफूसारखं काम करतात, वार ओलांडून बाळाच्या मेंदूपर्यंत जातात. महिनोन् महिने मिळत राहिली की बाळालाही सवय लागते. मग नाळ कापली की पुरवठा एकदम बंद.

बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांत बाळाचा त्रास दिसू लागतो. कर्कश रडणं, हातापायांना थरथर, पातळ शी. भूक तर असते, पण धड चोखता येत नाही. शिंकांवर शिंका येतात. असा त्रास किती आहे ते मोजायला १९७५ साली अमेरिकेतल्या डॉक्टर फिनेगनबाईंनी केलेल्या गुणांच्या तक्त्यात शिंकांनाही गुण आहेत. आज्या नजर काढतात. काढू देत, पण बाळाला लागतो तो कमी उजेड, शांतता, घट्ट गुंडाळणं आणि आईची छाती. काहींना मॉर्फिनचे थेंब देऊन ते हळूहळू कमी करावे लागतात.

आता डोक्याचं. अशा बाळांच्या डोक्याचा घेर सरासरीनं थोडा लहान भरतो. पुढे काहींना एका जागी बसवत नाही, लक्ष टिकत नाही. तिरळेपणाही जास्त आढळतो. पण यात गोळीचा वाटा किती आणि तंबाखू, उपासमार, कमी वजन यांचा किती, हे वेगळं काढणं फार अवघड. इस्राएलमध्ये डॉक्टर ऑर्नॉय यांनी हेरॉइनच्या व्यसनात असलेल्या आयांची मुलं तपासली. लहानपणीच दत्तक गेलेल्यांची बुद्धी जवळपास इतर मुलांसारखी निघाली, व्यसनी आईच्याच घरात वाढलेली मागे पडली. चंचलपणा मात्र दत्तक गेलेल्यांतही जास्त होता. म्हणून कुणी "नशेचं बाळ" म्हटलं की माझं डोकं फिरतं. हा शिक्का मारणाऱ्यांच्याच घरांत एके काळी रडकं पोर झोपावं म्हणून अफू चाटवत. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायाही तान्ह्यांना अफूची गोळी देत. १९२० च्या दशकातल्या अहवालात एका डॉक्टरबाईंनी ते लिहून ठेवलंय.

घाबरून गोळ्या एका दिवसात बंद करू नको, हे मी दोनदा सांगते. एकदम सोडल्या तर आईला त्रास होतो आणि पोटातल्या बाळालाही. मात्रा डॉक्टरच कमी करतील, किंवा ब्युप्रेनॉर्फिन या, अशा सवयीवर देतात त्या औषधावर नेतील. अंगावर पाजायचं का, तेही त्यांनाच विचार. ट्रामाडॉल-कोडीन दुधात उतरतं.

"डॉक्टर वरडतीन ना ताई?"

ओरडू दे. बाळंतपणाआधी सांगितलंस तर बाळाला चार-पाच दिवस नजरेखाली ठेवतील. लपवलंस तर दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळेल, आणि तिसऱ्या रात्री गावात, गाडी नसताना, बाळ थरथरायला लागेल.