घर कुठल्या स्टेशनावर घ्यायचं?

रविवार, ३ ऑगस्ट

शुक्रवारी सकाळी डोंबिवलीला लागोपाठ तीन फास्ट गाड्या सोडल्या. सोडल्या म्हणजे चढताच आलं नाही. तिसरीच्या दारातला दांडा हाताला लागला होता, पण पाय टेकायला जागा सापडेना आणि तेवढ्यात गाडी हलली. मागच्या बाईंनी माझी ओढणी धरून मला खेचलं. त्यांचं नाव मला माहीत नाही, रोज फक्त दिसतात. मग स्लो पकडली आणि लॅबला चाळीस मिनिटं उशिरा पोचले. दिवसभर हात थरथरत होते. सॅम्पलच्या ट्यूबवर लेबल चिकटवताना ते जास्त जाणवलं.

रात्री नवऱ्याला म्हटलं, आता घर बदलूया.

आज मेगाब्लॉक, रुळांच्या कामासाठी गाड्या कमी, म्हणून दोघंही घरी. जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो. ह्याचं ऑफिस ऐरोलीला, माझी लॅब परळला. हा इथून ठाण्याला जातो, तिथे नऊ-दहा नंबरवरून वाशीकडची गाडी धरतो. दारापासून दारापर्यंत एक तास. मी फास्टने दादर आणि तिथून स्लोने पुढचंच स्टेशन परळ, चालणं धरून एक तास चाळीस मिनिटं. तेही गाडीत चढता आलं तर.

बाबा, म्हणजे माझे सासरे, ऐकत होते. त्यांची सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात झाली. ठाणे-वाशी लोकल सुरू झाली २००४ साली, तोवर ते निवृत्तीला आले होते. ठाण्यापर्यंत गाडी, पुढे कंपनीची बस, आणि पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की गुडघाभर पाण्यातून चालत. ते म्हणाले, "आम्हाला जागा बदलायचं सुचलंच नाही रे. घर इथे घेतलं होतं ना." एवढंच बोलून ते बातम्या बघायला गेले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

गुरुवार, ७ ऑगस्ट

ह्याचं म्हणणं, ऐरोलीलाच राहूया. त्याचं ऑफिस चालत दहा मिनिटांवर येईल, त्याच भाड्यात घर जरा मोठं मिळेल, आणि तो पावणेसहाला घरी असेल. "एकाचा तरी वेळ पूर्ण वाचू दे, मी स्वयंपाकाचं बघेन." तो हे मनापासून बोलतो. लग्नाच्या आधीपासून तो भाकऱ्या माझ्यापेक्षा चांगल्या थापतो, त्यामुळे नुसतं बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं नाही.

पण ऐरोलीहून मला ठाण्याला येऊन, पूल चढून-उतरून, पुन्हा गर्दीत शिरायचं. वहीत मांडलं तर जेमतेम पाच-सात मिनिटं कमी. शिवाय त्याच्या क्षेत्रात माणूस दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलतो. उद्या पवईला किंवा अंधेरीला नोकरी लागली की ऐरोलीचा सगळा हिशेब गेला. माझी लॅब परळमध्येच राहणार आहे, आणि मीही तिथेच राहणार आहे. ज्याची नोकरी हलणारी नाही, त्याच्या बाजूने घर बघावं असं मला वाटतं. मी हे म्हटल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरोबर आहे गं."

मला तेव्हा एकदम भरून आलं.

कुर्ला-सायनचा विचार एका संध्याकाळीच संपला, भाडंच झेपणारं नाही. घोडबंदर रोडला मोठं, हवेशीर घर मिळतं, लिफ्ट, खाली बाग, सगळं. पण ठाणे स्टेशनला पोचायलाच बस आणि ट्रॅफिक, आणि खरा प्रवास तिथून पुढे सुरू होणार. राहिलं मुलुंड आणि भांडुप.

बुधवार, १३ ऑगस्ट

आज प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. रविवारी घर बघायला जाऊन काही कळत नाही, रविवारी सगळीच स्टेशनं चांगली वाटतात. म्हणून मुद्दाम बुधवार निवडला, मी अर्धी रजा टाकली, आणि साडेसहाला डोंबिवलीहून निघून मुलुंड पूर्वेला उतरलो.

दलालाने फोनवर सांगितलं होतं, स्टेशनपासून पाच मिनिटं. मिठागर रोडच्या बाजूची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बिल्डिंगच्या दारात मोबाइलवर वेळ लावली आणि रोजच्या चालीने स्टेशनकडे निघालो. बारा मिनिटं. येताना हातात भाजीची पिशवी असणार, तेव्हा पंधरा धरायची. दलालाला म्हटलं तर तो म्हणाला, रिक्षाने पाच. त्याच्याशी वाद घातला नाही, वहीत बारा लिहिलं.

मग स्टेशनावर खरी परीक्षा. मुलुंडहून परळकडे जाणारी सकाळची स्लो येते ती भरून. उभं राहायला मिळतं, डोंबिवलीसारखं लटकावं लागत नाही, पण बसायला कुठलं? मी तशी उभी असताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "नवीन आहात का? मग इथून नका चढू. डाऊन करा."

डाऊन करायचं म्हणजे उलट दिशेची ठाणे लोकल धरायची, एक स्टेशन मागे ठाण्याला जायचं, आणि उतरायचंच नाही. तीच गाडी परत सीएसएमटीकडे सुटते. मुलुंडच्या बायका असंच जातात. भांडुप, नाहूरच्या तर आधीपासून बसूनच येतात. मला हे ऐकून माहीत होतं, पण स्वतः कधी केलं नव्हतं, डोंबिवलीकरांना त्याचा उपयोग नाही. काकूंनी आणखी एक सांगितलं: पास मुलुंडचा काढू नका, ठाण्याचा काढा, नाहीतर टीसीने धरलं की दंड.

त्यांच्याबरोबर गेले. ठाण्याला गाडी थांबता थांबता बाहेरच्या बायकांनी आत उड्या घेतल्या, पण मी बसलेली होते. तिघींच्या बाकावरची चौथी सीट, अर्धी बाहेर, तरी बसलेली. गाडीत आठ मिनिटं गेली असतील. मग परळपर्यंत पाऊण तासाच्या वर. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. विक्रोळीच्या आसपास मला चक्क डुलकी लागली. एका मुलीने विचारलं, "कुठे उतरणार?" मी म्हटलं परळ, आणि तिने माझी सीट तिच्यासाठी नक्की करून टाकली.

दारापासून दारापर्यंत एक तास पंचवीस मिनिटं.

शनिवार, २३ ऑगस्ट

आईंना सांगितलं. त्या वाईट काही बोलल्या नाहीत. फक्त हिशेब विचारला. आता एक चाळीस लागतात, तिथून एक पंचवीस. "पंधरा मिनिटांसाठी वेगळं बिऱ्हाड करायचं?"

आकड्यांत त्यांचं बरोबर आहे, आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. आता लिहिताना सुचतंय. डोंबिवलीची शंभर मिनिटं मी अंग चोरून, श्वास आखडून, कोणाच्या तरी कोपराखाली उभी असते. मुलुंडची पंच्याऐंशी मिनिटं मी बसलेली असेन. मला थेट गाडीने वीस मिनिटं आधीसुद्धा पोचता येईल, पण ती वीस मिनिटं मी स्वखुशीने देऊन टाकणार आहे. लॅबमध्ये दिवसभर उभंच काम आहे. संध्याकाळी परळहूनच सुटणारी एखादी लोकल मिळाली, २०१९ पासून काही गाड्या तिथून सुटतात, तर येतानाही पाठ टेकता येईल.

आणि ह्याचा एक तास आता चाळीस मिनिटांवर येतो. त्याच्या वाट्याला कमी, माझ्या वाट्याला जास्त, हे दोघांनाही दिसतंय. म्हणून ठरलं की संध्याकाळचा स्वयंपाक आणि भाजी त्याची, मी घरी आल्यावर विचारायचंही नाही की काय केलंस. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं.

उद्या हे सगळं आईंना सांगेन. सीटचं आधी सांगेन. त्या स्वतः शाळेत शिकवायला बावीस वर्षं ठाण्याला गेल्या, त्यांना सीट म्हणजे काय ते कळेल.

बुधवार, २७ ऑगस्ट

कळलं. मोदक वळता वळता म्हणाल्या, "जा. पण आता गणपती, मग पितृपक्ष. त्यात जागा बदलायची नाही. दसऱ्याला जा." घरमालक सप्टेंबरपासून भाडं मागत होते, दसऱ्याला तयार झाले. अकरा महिन्यांचा करार.

सोमवार, ६ ऑक्टोबर

दसऱ्याला नव्या घरात दूध उतू घातलं. आई-बाबा आले होते. बाबा तीन मजले चढून आले आणि खिडकीतून किती वेळ बाहेर बघत उभे होते.

आज पहिला कामाचा दिवस. सात पस्तीसला दोघं बरोबर निघालो. हे वहीत कुठेच मांडलेलं नव्हतं: मला डाऊन करायचं आणि त्याला ऐरोलीसाठी ठाण्यालाच जायचं, म्हणजे दोघांची गाडी एकच. मुलुंड ते ठाणे मी जनरल डब्यात त्याच्याबरोबर गेले असते, पण मग सीट गेली असती. म्हणून मी लेडीजमध्ये, तो शेजारच्या डब्यात, मध्ये जाळी. जाळीच्या अगदी लगतची जागा मिळाली. तो पलीकडे उभा होता, खांद्याला माझ्यासारखीच डब्याची पिशवी.

ठाणे आलं. तो उतरला, गर्दीतून वाट काढत माझ्या खिडकीपाशी आला आणि म्हणाला, "भेंडी की गवार?"

मी म्हटलं गवार. तो पुलाकडे धावला, त्याची आठची गाडी होती.