कार्डिऑलॉजिस्ट नागपूरला, पेशंट एटापल्लीला

एमबीबीएसची इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिनची तीन, डीएम कार्डिऑलॉजीची आणखी तीन. मधे नीटच्या तयारीत गेलेला काळ वेगळाच. एवढं करून मेडिकल कॉलेजात शिकवायला राहिलेला माणूस नागपूरच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, मनगटातून तार सरकवून हार्ट अटॅकमध्ये बंद पडलेली हृदयाची नळी उघडतो. पण १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, असं शास्त्र सांगतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीहून निघालेली १०८ ची ॲम्ब्युलन्स तेवढ्यात गडचिरोलीला पोचली तरी खूप. म्हणजे पहिला इलाज बॉण्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेल्या एमबीबीएस डॉक्टरच्या हातात. शिकवणाऱ्या कार्डिऑलॉजिस्टनं सगळ्यात आधी शिकवावं ते यालाच.

छातीत दुखलं की घरी ‘गॅस झाला’ म्हणून सोडा, ओवा. मग कमरेत डायक्लोफेनॅकचं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन. ही सुई पुढं नडते. गुठळी विरघळवणारं औषध दिल्यावर त्याच जागी आतल्या आत रक्त साचतं. त्यामुळं अटॅकचा संशय असेल तर स्नायूत इंजेक्शन नकोच.

पेशंट आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी. उन्हातून आलेल्या माणसाची छाती घामानं ओली असते. पुसली नाही तर पट्टी नुसती थरथरते. छातीवरचे व्ही १ आणि व्ही २ हे इलेक्ट्रोड चौथ्या फासळीखालच्या फटीत लावायचे. घाईत ते वर सरकतात आणि आलेख फसवतो. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी, म्हणजे अटॅकमध्ये उचलली जाणारी आलेखाची रेघ, वर दिसली तर व्ही ४ उजवीकडे लावून पुन्हा काढा. हृदयाच्या उजव्या कप्प्याचा अटॅक असेल तर जिभेखालची सॉर्बिट्रेट बीपी एकदम पाडते. ही गोळी ‘हार्टची’ म्हणून सरसकट देतात, ते थांबायला हवं.

गुठळी वाढू नये म्हणून ॲस्पिरिन ३२५ चावून आणि क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम. पंचाहत्तरीच्या वर क्लोपिडोग्रेल ७५ च. मग टेनेक्टेप्लेस, म्हणजे ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, वजनावर: ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, पुढं दर दहा किलोला पाच वाढवत ९० च्या वर ५०. पंचाहत्तरी ओलांडलेल्याला निम्मा डोस. वजन अंदाजानं धरू नका. शेतमजूर माणूस धोतर-पागोट्यात भरदार दिसतो, काट्यावर बावन्न भरतो. आधी डोक्यातला रक्तस्राव, अलीकडचा लकवा, डोक्याचा मार, काळी संडास हे विचारायचंच. आणि सलाईन कोणतं चालू आहे ते बघा: डेक्स्ट्रोजच्या नळीतून हे औषध गेलं तर साका धरतो. नॉर्मल सलाईननं नळी धुवून एका दमात, पाच ते दहा सेकंदांत द्यायचं. सोबत रक्त पातळ ठेवणारं हेपरिन किंवा एनॉक्सापॅरिन लागतंच.

सलाईनची सुई लावायची डाव्या हाताला. उजवं मनगट कॅथलॅबसाठी राखून ठेवा. तिथं टोचून काळंनिळं केलेलं असलं की नागपूरला मांडीतून जावं लागतं, आणि हे औषध घेतलेल्या पेशंटला मांडीतून रक्तस्रावाची भीती जास्त.

साठ ते नव्वद मिनिटांनी पुन्हा ईसीजी. सगळ्यात जास्त वर गेलेली एसटी निम्म्याहून खाली आली नसेल तर औषध लागू पडलेलं नाही, लगेच कॅथलॅब. आली तरी दोन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी हवीच. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी नेऊ पाहणारे नातेवाईक इथंच भेटतात. मधल्या वेळात नाडी थोडी वेडीवाकडी चालते. बीपी नीट असेल तर बहुतेकदा तिला हात लावू नये.

चिठ्ठीवर दुखणं सुरू झाल्याची वेळ, पहिल्या ईसीजीची वेळ, औषधाचं नाव, डोस, दिल्याची वेळ. ईसीजीची झेरॉक्स काढून द्या, कारण तो कागद उन्हात आणि स्पिरिटच्या हातांनी काळा पडतो.

रेसिडेंटला थीसिसचे विषय वाटताना स्टेंटच्याच मागं का लागायचं? दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या ईसीजीपर्यंत एका तालुक्यात किती वेळ जातो आणि कुठं जातो, एवढं कुणी मोजलं तरी चालेल. त्याला कॅथलॅब लागत नाही, रजिस्टर आणि घड्याळ पुरतं.